कड्यातला उन्हाचा ठिपका

४ फेब्रुवारी

वही आजपासून सुरू करते आहे, कारण सासऱ्यांवर ओरडता येत नाही आणि नवऱ्यावर ओरडून उपयोग होत नाही. हे मान डोलावतात आणि जेवत राहतात.

वीस वर्षं मी बक्षिसांच्या पितळी पाट्यांवर लोकांची नावं कोरत आले. धावण्यात दुसरा, वक्तृत्वात तिसरी, उत्तेजनार्थ. एकाही पाटीवर माझ्या डोक्यातलं काही नव्हतं. आता पहिल्यांदाच मनासारखं काम मिळालंय. संग्रहालयात जुन्या काळच्या खिशातल्या सूर्यघड्याळांचं प्रदर्शन आहे. तिथल्या बाईंना तसली चाळीस पितळी कडी हवी आहेत, लोकांना अंगणात नेऊन हातात देता येतील अशी. सोळा मार्चला निम्मी नेऊन दाखवायची, उरलेली महिनाअखेर. काम पसंत पडलं तर दुर्बिणी, होकायंत्रं, सगळ्याच्या प्रतिकृती माझ्याकडे येतील आणि मी पाट्या कोरणं बंद करीन. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, वहीलाच सांगते आहे.

कडं म्हणजे जाड बांगडीसारखं. वर अडकवायला दोरा, बाजूला बारीक भोक असलेली सरकती पट्टी. पट्टी चालू महिन्यावर आणायची, कडं दोऱ्याला लोंबकळत धरायचं, भोक सूर्याकडे करायचं. उन्हाचा ठिपका कड्याच्या आतल्या अंगावर पडतो आणि तिथे तासांच्या रेघा असतात. ठिपका ज्या रेघेवर, तितके वाजले. हे मला शिकवलं सासऱ्यांनी. जन्मभर मोजणीची उपकरणं केली त्यांनी, त्यामुळे कडी तपासायचं काम त्यांच्याकडे दिलंय. इथेच माझं चुकलं की काय, अशी शंका आत्ताच यायला लागली आहे.

७ फेब्रुवारी

पहिलं कडं तयार. सकाळी अंगणात धरलं. ठिपका दहाच्या रेघेच्या जरासा पुढे, सुबक, तिळाएवढा. मला इतका आनंद झाला की हात पुसायचीही आठवण राहिली नाही. सासरेबुवांना हाक मारली. त्यांनी कडं घेतलं, आतून बोट फिरवलं, वर धरलं, मान वाकडी केली आणि म्हणाले, "साडेदहा होऊन गेलेत."

मी म्हटलं, ठिपका दहावर आहे. म्हणाले, तुझा हात हलतो. पुन्हा मी धरलं. दहावरच. पुन्हा त्यांनी धरलं. साडेदहा. घड्याळात पाहिलं तर दहा पस्तीस.

मग माझं कडं चुकलंय, असं ठरलं. डोक्याला ताप.

८ फेब्रुवारी

आज त्यांच्याच जुन्या वहीतलं कोष्टक काढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांच्याच अक्षरातलं. कुठल्या महिन्यात, कुठल्या तासाला सूर्य किती वर, सगळे आकडे. म्हटलं, बघा, मी ह्यावरूनच रेघा मारल्यात. त्यांनी वही हातानं बाजूला सारली. मला तोंडपाठ आहे म्हणाले. तोंडपाठ असेल हो, पण माझ्या रेघा त्या आकड्यांवर आहेत की नाहीत, एवढं बघायला काय हरकत होती?

आणि हल्ली आणखी एक सवय लागली आहे. माझ्याशी बोलताना तोंडाकडे बघत नाहीत, माझ्या कानाकडे बघतात. जणू माझ्या मागे कुणीतरी जास्त शहाणं उभं आहे आणि ते त्याच्याशीच बोलताहेत. सून झाले म्हणून काय झालं, माणूस बोलतोय तर त्याच्या तोंडाकडे बघावं. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, बाबांचा स्वभावच तसा आहे. नाही. पूर्वी नव्हता.

११ फेब्रुवारी

दुसरं कडं, तिसरं कडं. तोच प्रकार. मी म्हणते पावणेदोन, ते म्हणतात सव्वादोन. आणि गंमत अशी की ते म्हणतात ते नेहमी घड्याळाशी जुळतं, अगदी पाच मिनिटांच्या आत. कड्यावरून पाच मिनिटांपर्यंत वेळ सांगणारा माणूस मी ऐकलेलासुद्धा नाही. पाव तासाचा अंदाज आला तरी खूप, हे त्यांचंच शिकवणं.

शिवाय माझ्या लग्नाच्या नवलाईत ह्याच अंगणात उभं राहून त्यांनी मला सांगितलं होतं की सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ एक नसते. घड्याळ सगळ्या देशाचं एक, सूर्य ज्याच्या त्याच्या अंगणाचा. आपल्याकडे फेब्रुवारीत कडं घड्याळाच्या जवळजवळ अर्धा तास मागे राहतं, पुढे फरक कमी होत जातो. पूर्वीचे फिरस्ते गळ्यात कडं अडकवून निघायचे, वाटेत थांबून वेळ बघायचे, पण खूप उत्तरेला किंवा दक्षिणेला गेलं की तेच कडं खोटं बोलायला लागायचं, कारण ते एका ठिकाणच्या उन्हासाठी कोरलेलं असतं. मला ते इतकं आवडलं होतं की मी दोन दिवस सगळ्यांना तेच सांगत फिरले.

आज त्याची आठवण करून दिली. म्हटलं, मागे राहणारच ना, तुम्हीच सांगितलं होतं. ते एकदम चिडले. म्हणाले, "मला शिकवतेस? ठिपका पुढे गेलाय म्हणतो मी, तर पुढे गेलाय." तेवढ्यात पलीकडच्या शाळेची घंटा झाली, आणि ते आत निघून गेले.

१२ फेब्रुवारी

मीच चुकत असेन. चाळीस वर्षं त्यांचा हात ह्या कामात, माझा वीस वर्षं उत्तेजनार्थ लिहिण्यात. माझाच डोळा कच्चा.

१६ फेब्रुवारी

ठरवलं. रेघा त्यांच्या सांगण्याप्रमाणे सरकवायच्या, सकाळच्या वेगळ्या आणि दुपारच्या वेगळ्या. तयार झालेल्या सात कड्यांच्या आतल्या रेघा घासून काढल्या. पितळेची पट्टी सपाट असताना रेघ पुसणं सोपं, पण ती वाकवून, टोकं डाग देऊन जोडून कडं झाल्यावर आतून कानस चालवायची म्हणजे मनगट पिळून निघतं. अर्धगोल कानस, मग पॉलिश पेपर, मग पुन्हा रेघा. सात कड्यांना चार दिवस जाणार. सासरेबुवा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. एक शब्द बोलले नाहीत. मधूनमधून डोळ्यांत औषधाचे थेंब घालत होते. पितळेची धूळ जाते म्हणाले. मग बसू नका ना इथे, मी म्हटलं. बसले.

२३ फेब्रुवारी

नणंदेचा फोन आला. ह्यांची थोरली बहीण. त्यांच्या नव्या घरात लिफ्ट आहे, बाल्कनी आहे, बाबांना वेगळी खोली आहे, आणि पंचवीस मार्चला त्या गाडी घेऊन बाबांना न्यायला येणार आहेत, कायमचं. सासूबाई गेल्यापासून हे चाललंच आहे. ह्यावेळी आमच्या ह्यांनीही हो म्हटलं.

खोटं कशाला लिहू, मला सुटल्यासारखं झालं. पंचवीस मार्चनंतर अंगणात मी एकटी, माझं कडं आणि माझा ठिपका. कुणी मान वाकडी करून चूक काढणार नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी खूणसुद्धा केली, अगदी बारीक.

सासरेबुवा फोनवर मुलीला म्हणाले, "काम संपल्याशिवाय कसा येऊ? हिच्या एकाही कड्याची वेळ बरोबर नाही अजून." सगळ्या घरासमोर. मी हातातलं भांडं जरा जोरात ठेवलं.

२ मार्च

अकरा झाली त्यांच्या पसंतीची. पसंतीची म्हणजे काय, नव्या कड्यांनाही आधी एक नकार असतोच. मग मी रेघा सरकवते, मग दुसऱ्या दिवशी म्हणतात, हं, जरा बरं आहे. कधीच चांगलं म्हणत नाहीत.

आज भर दुपारी तपासायला बोलावलं, तर म्हणाले आत्ता नको. बरोबरच आहे म्हणा. ठिपका सकाळी कड्यात खाली खाली उतरत जातो आणि दुपारनंतर त्याच वाटेनं परत वर चढतो. सूर्याच्या अकराला आणि एकला तो एकाच जागी. माध्यान्हीच्या आसपास नुसतं बघून कळत नाही की दिवस चढतोय की उतरतोय. थोडा वेळ कडं धरून उभं राहावं लागतं. पण ते ज्या घाईनं नको म्हणाले ते मला खटकलं. पूर्वी हाच तर त्यांचा आवडता खेळ होता. पाहुण्यांना दुपारी अंगणात उभं करायचे आणि ठिपका हलेपर्यंत आत येऊ द्यायचे नाहीत.

१० मार्च

चौदाव्या कड्यात बोट घातलं आणि म्हणाले, चारची रेघ उथळ आहे. मी भिंग लावून पाहिलं तेव्हा कुठे मला दिसलं, केसाइतका फरक. ह्या माणसाला भिंगाशिवाय, अंगठ्याच्या नखानं हे कळतं आणि लखलखीत ठिपका कुठे पडलाय ते मात्र चुकीचं दिसतं? की मुद्दामच छळतात? आता हात टेकले मी.

१६ मार्च

आजच्यासारखा दिवस शत्रूवरही येऊ नये.

वीस पुरी झाली नव्हती, झालेली अठरा कडी कापडात गुंडाळून संग्रहालयात नेली. बाई फार सभ्य आहेत, तेच वाईट. त्यांनी काचेच्या पेटीतून एक जुनं कडं काढलं, ह्याच भागासाठी केलेलं, दोनशे वर्षांपूर्वीचं, झिजून पातळ झालेलं. ते आणि माझं शेजारीशेजारी दोन दोऱ्यांना धरलं. जुन्यात ठिपका दहाच्या अलीकडे. माझ्यात साडेदहाच्या जवळ. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. बाई म्हणाल्या, तुम्ही रेघा घड्याळाच्या वेळेप्रमाणे मारल्यात का? तसं केलं तर फेब्रुवारीत बरोबर दिसेल, पण महिने सरकतील तसं कडं चुकत जाईल. लोकांना सूर्याचीच वेळ दाखवायची आहे, फरक किती ते शेजारच्या तक्त्यावर लिहिलेलं असेल.

मला तोंड वर करता येईना. मी आधी मारलेल्या रेघा बरोबर होत्या. पहिल्या दिवशीच्या, पहिल्या कड्याच्या, सगळ्या बरोबर होत्या. बाईंनी विचारलं, तपासून घेतली नव्हती का कुणाकडून? मी म्हटलं, घेतली होती.

महिनाअखेरपर्यंत सगळी चाळीस नीट करून आणा म्हणाल्या. नाही जमलं तर दुसरीकडे बघावं लागेल, असंही म्हणाल्या, पण सभ्यपणे.

घरी आले तेव्हा सासरेबुवा झोपले होते. बरं झालं झोपले होते.

१७ मार्च

नीट लिहायला हवं, म्हणून पाणी पिऊन बसले आहे.

सकाळभर मी त्यांच्याशी बोललेच नाही. दुपारी ते स्वतःच अंगणात आले आणि विचारलं, काय म्हणाल्या बाई? मी एक कडं उचललं, त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, किती वाजले ते सांगा. मला त्यांना कोंडीत पकडायचं होतं. ते आकडा सांगतील, मी ठिपक्यावर बोट ठेवीन आणि सगळे वाभाडे काढीन, असं मनात होतं.

त्यांनी पट्टी मार्चवर सरकवली. आतून अंगठा फिरवला. कडं वर धरलं, मान वाकडी केली. शाळेची घंटा आत्ताच होऊन गेली होती. म्हणाले, "साडेतीनच्या किंचित पुढे."

मी ठिपका शोधायला वाकले. ठिपका नव्हता. कड्याच्या आत काहीच नव्हतं. वर पाहिलं तर आभाळ पांढरंफटक, उजेड भरपूर, पण सूर्य कुठेच नाही. अंगणात कशाचीही सावली पडलेली नव्हती. खुर्चीची नाही, माझी नाही, त्यांची नाही. आणि ते कडं धरून उभे.

मी म्हटलं, "बाबा, ऊन कुठंय?"

त्यांनी हळूच विचारलं, "गेलं का?"

"दोन वाजल्यापासून नाहीये."

त्यांनी कडं खाली घेतलं. मग माझ्या कानाकडे बघत म्हणाले की समोर धरलेल्या वस्तूच्या बरोबर मधे त्यांना काही दिसत नाही, करडा डाग दिसतो. कडेकडेचं दिसतं. म्हणून घरात धडपडत नाहीत, म्हणून कुणाला कळलं नाही. माझं तोंड बघायचं असेल तर त्यांना माझ्या कानाकडे बघावं लागतं. केस कापायला जातो सांगून ते डिसेंबरात एकटेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते. डोळ्यातला पडदा झिजलाय, गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. थेंब नुसते कोरडेपणासाठी.

मला दया यायला हवी होती. आली नाही. मी ओरडले, अख्खी गल्ली ऐकेल इतकं. अठरा कडी, बाबा. अठरा कडी मी आतून घासली, माझ्या मनगटाचं भजं झालं, माझं एकुलतं एक मनासारखं काम हातचं चाललंय, आणि तुम्ही शाळेच्या घंटेवरून मला वेळ सांगत होतात. एवढं म्हणायचं होतं की मला दिसत नाही. तीन शब्द.

सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "पहिलं कडं हातात घेतलं तेव्हाच मला वाटलं होतं, रेघा बरोबर असणार. बोटाला कळतं. पण बरोबर म्हटलं असतं तर तू पुढची सगळी माझ्याशिवाय केली असतीस. मग मी इथे कशाला? लेकीच्या गाडीत बसायचं आणि तिथे बाल्कनीत बसून राहायचं. चूक आहे म्हटलं की तू दुसऱ्या दिवशी परत हाक मारायचीस." मग म्हणाले, "कानसीचा आवाज रोज ऐकत होतो मी. लाज वाटत होती. तरी नाही बोललो."

मी आत आले आणि दार लावून घेतलं. रडायला लागले तेव्हा कळेना की कुणासाठी रडते आहे. अजून राग आहेच. हे लिहितानासुद्धा आहे.

१८ मार्च

ह्यांना सांगितलं. घास तोंडाकडे नेता नेता थांबले. इतक्या वर्षांत जेवताना थांबलेले मी पहिल्यांदा पाहिले. मग जाऊन बाबांजवळ बसले. काय बोलले ते मी ऐकलं नाही.

कॅलेंडरवरची खूण खोडरबरनं पुसली. पेननं केली होती, जात नाही. कागद फाटला फक्त.

२१ मार्च

दिवसाला चार कडी होतायत. कशी, ते लिहून ठेवते, कारण हे मी कुठे वाचलेलं नाही.

रेघा मारल्या की कडं आधी त्यांच्याकडे जातं. ते अंगठ्याच्या नखानं प्रत्येक रेघ चाचपतात, कुठली उथळ, कुठली तिरकी, कुठे कोरणी घसरली. एकही सुटत नाही. माझ्या भिंगाला पुरून उरतील असे त्यांचे हात आहेत. मग मी ते अंगणात धरते आणि ठिपका कुठे आहे ते सांगते. खरंखुरं जिथे आहे तिथे. ते मनातल्या मनात कोष्टक चालवतात आणि सांगतात, बरोबर, किंवा पाव रेघ मागे घे. कोष्टक खरंच तोंडपाठ आहे. त्यांच्या जुन्या वहीतल्या एका आकड्याशी त्यांचं जमलं नाही. पडताळून पाहिलं तर वहीत चूक निघाली.

भांडणं चालूच आहेत. आज म्हणाले, तुझा हात हलतो. मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाले, दोरा कुरकुरतो. देवा रे.

अकरावं कडं परत देताना पुटपुटले, चांगलं झालंय. मी न ऐकल्यासारखं केलं, म्हणजे त्यांना पुन्हा म्हणावं लागलं.

२५ मार्च

नणंदबाई दहा वाजता गाडी घेऊन आल्या. बाबांची बॅग दारातच होती, त्यांनी स्वतः भरलेली. काल मी त्यांना म्हटलं होतं, डोळ्यांचं तुम्ही सांगायचं, मी सांगणार नाही आणि लपवणारही नाही. त्यांनी चहा संपायच्या आत सांगितलं. दोन वाक्यांत, कुणाबद्दल तरी बातमी द्यावी तसं.

नणंद रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, आता तर नेलंच पाहिजे, तिकडे मोठे डॉक्टर आहेत, इथे ह्या पितळेच्या धुळीत त्यांना ठेवणं म्हणजे काय. त्यांचंही चुकीचं नव्हतं. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू तरी सांग त्यांना. तुझीही सुटका होईल गं."

मी तोंड उघडलं. खरंच, महिनाभरापूर्वी मी बॅग स्वतः उचलून डिकीत ठेवली असती. म्हटलं, "ताई, डॉक्टरकडे नक्की न्या. पुढच्या आठवड्यात मीच घेऊन येते त्यांना. पण राहायला नको. माझी नऊ कडी राहिलीत आणि मला त्यांच्याशिवाय येत नाहीत."

"आणि नऊ झाल्यावर?"

"मग दुसरं काहीतरी येत नसेल."

मग हे उठले, दारातली बॅग उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. हा माणूस बोलत नाही, पण आज चालला.

नणंद जेवून गेल्या. मी आवरून अंगणात आले तर सासरेबुवा आधीच खुर्चीत बसलेले, मांडीवर नवं कडं, तोंड उन्हाकडे. शाळेला आज सुट्टी, घंटा नाही. रस्त्यावर शुकशुकाट.

मी शेजारी बसले. जरा वेळानं त्यांनी कडं माझ्याकडे केलं आणि विचारलं, "किती वाजले गं?"

ह्या घरात आल्यापासून त्यांनी कुणाला वेळ विचारलेली मी ऐकली नव्हती. मी कडं धरलं, हात हलू न देता, आणि ठिपका थांबेपर्यंत थांबले. सव्वादोन, मी म्हटलं. सूर्याचे. घड्याळाचे किती तेही लगेच सांगून टाकलं, नाहीतर पुन्हा सुरू झाले असते.